वेगवान इन्फ्रारेड पल्ससाठी सिलिकॉन फोटोडायोड: काय बघून घ्यावा, कसा जोडावा?

कवडसा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

इन्फ्रारेडच्या छोट्या पल्स पकडायच्या आहेत. एलईडी ९४० नॅनोमीटरचा, पल्स सध्या १ मायक्रोसेकंदाची, पुढे ती २०० नॅनोसेकंदांपर्यंत उतरवायची आहे. एलईडी आणि सेन्सरमध्ये साधारण २ मीटर अंतर. पल्स नेमकी कधी आली ती वेळ मोजायची असल्यामुळे चढती कड जितकी उभी मिळेल तितकी हवी.

हाताशी बीपीडब्ल्यू३४ हा सिलिकॉन फोटोडायोड होता. कॅथोड ५ व्होल्टला, ॲनोडवरून ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यावर स्कोपचा १०एक्स प्रोब. पल्स दिसते, पण चौकोनी नाही. एलईडी सतत चालू ठेवला तर जी पातळी मिळते, तिच्या पाव भागापर्यंतही न पोचता सिग्नल परत फिरतो आणि खाली येताना बराच वेळ रेंगाळतो.

डेटाशीटमध्ये राइज टाइम (सिग्नल चढायला लागणारा वेळ) १०० नॅनोसेकंद लिहिलाय. मग हे असं का? 'हायस्पीड' लिहिलेला दुसरा डायोड घ्यायचा तर त्यात काय बघायचं? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

दोलनदर्शी

डायोड बदलण्याआधी रेझिस्टरकडे बघा. ५ व्होल्टच्या उलट बायसवर (कॅथोड ॲनोडपेक्षा ५ व्होल्ट वर) बीपीडब्ल्यू३४ ची कपॅसिटन्स २५ पिकोफॅरडच्या आसपास असते. प्रोबचे १५ धरा. ४० पिकोफॅरड गुणिले १०० किलोओहम म्हणजे ४ मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला त्याच्या २.२ पट वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ ९ मायक्रोसेकंद. १ मायक्रोसेकंदात सिग्नल २२ टक्क्यांपर्यंतच चढणार. तुम्हाला दिसतंय ते अगदी हिशेबातलं आहे.

डेटाशीटमधल्या त्या १०० नॅनोसेकंदांच्या शेजारी अटी छापलेल्या असतात: उलट बायस १० व्होल्ट, लोड १ किलोओहम. तुम्ही १ किलोओहम लावून बघा, कड लगेच उभी राहील. पूर्ण चढल्यावरची पातळी मात्र शंभरपट लहान होईल. तिथून खरं काम सुरू होतं.

जोडणीवाला

टीव्हीच्या रिमोटचा रिसीव्हर का नाही वापरत? टीएसओपी३८२३८ मध्ये फोटोडायोड, अँप्लिफायर, फिल्टर सगळं आयतं येतं. किंवा मग साधा फोटोट्रान्झिस्टर.

दोलनदर्शी

@जोडणीवाला, टीएसओपीच्या आत ३८ किलोहर्ट्झचा बँडपास फिल्टर असतो. त्या वारंवारतेचं एक आवर्तनच २६ मायक्रोसेकंदांचं, आणि आउटपुट द्यायला त्याला अशी किमान १० आवर्तनं लागतात. १ मायक्रोसेकंदाची एकटी पल्स तो गोंगाट समजून सोडून देईल. फोटोट्रान्झिस्टरही इथे संथच. बेस-कलेक्टर कपॅसिटन्स त्याच्या गेनने गुणली जाते आणि कडा मायक्रोसेकंदांच्या घरात जातात. आडवा आलेला कागद किंवा फिरणाऱ्या चकतीची खाच ओळखायला दोन्ही उत्तम, पण इथे चालणार नाहीत.

संधीप्रकाश

कवडसा, डेटाशीट उघडलीत की राइज टाइमच्या ओळीवर थांबू नका, कपॅसिटन्स विरुद्ध उलट व्होल्टेज हा आलेख काढा. माझ्या मते निवड तिथेच होते. राइज टाइम हा एकट्या डायोडचा गुण नसतोच. डायोड, बायस, लोड आणि तरंगलांबी या सगळ्यांचा मिळून तो आकडा बनतो, आणि उत्पादक स्वतःला सोयीच्या अटी निवडतो. बीपीडब्ल्यू३४ चे १०० नॅनोसेकंद १ किलोओहमवरचे, एसएफएच२०३ या लहान फोटोडायोडचे ५ नॅनोसेकंद ५० ओहम आणि २० व्होल्टवरचे. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थच नाही.

आता तुमच्या कामाचा हिशेब. २०० नॅनोसेकंदांची पल्स नीट दिसायची तर कड ५० नॅनोसेकंदांची हवी. बँडविड्थ म्हणजे ०.३५ भागिले राइज टाइम, म्हणून ७ मेगाहर्ट्झ. साध्या रेझिस्टरवर हे करायचं तर रेझिस्टर इतका लहान होतो की सिग्नल हाती लागत नाही. म्हणून ट्रान्सइम्पिडन्स अँप्लिफायर, म्हणजे प्रवाहाचं व्होल्टेज करणारा ऑप-ॲम्प. डायोड ऑप-ॲम्पच्या उलट (−) इनपुटला, फीडबॅकमध्ये समजा २२ किलोओहम. १ मायक्रोअँपिअर प्रकाशप्रवाहाला २२ मिलिव्होल्ट मिळतील. डायोडच्या दोन्ही टोकांमधलं व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहतं, त्यामुळे त्याची कपॅसिटन्स प्रत्येक पल्सला भरत-रिकामी करत बसावं लागत नाही.

पण म्हणून कपॅसिटन्सची किंमत चुकत नाही, ती ऑप-ॲम्पकडून वसूल होते. लागणारा गेन-बँडविड्थ गुणाकार (ऑप-ॲम्पच्या वेगाचं माप) असा काढतात: हव्या त्या बँडविड्थचा वर्ग, गुणिले २ पाय, गुणिले फीडबॅक रेझिस्टर, गुणिले इनपुटवरची एकूण कपॅसिटन्स. ऑप-ॲम्प आणि पीसीबी मिळून ७ पिकोफॅरड धरून तीन पर्याय बघा.

बीपीडब्ल्यू३४ बायसशिवाय: स्वतःचे ७० पिकोफॅरड, एकूण ७७. ऑप-ॲम्प हवा ५२० मेगाहर्ट्झचा.

तोच डायोड थोड्या उलट बायसवर: एकूण ३२. ऑप-ॲम्प २१७ मेगाहर्ट्झचा.

एसएफएच२०३ सारखा १ चौरस मिलिमीटरचा डायोड, चांगल्या बायसवर ५ पिकोफॅरड: एकूण १२. आता ८१ मेगाहर्ट्झ पुरतात.

शेवटच्या पर्यायात ओपीए३८० चालतो, त्याचा गुणाकार ९० मेगाहर्ट्झ आहे आणि तो याच कामासाठी बनवलेला आहे. एलएम३५८ चा गुणाकार १ मेगाहर्ट्झच्या आसपास, टीएल०७२ चा ३. ते दोन्ही ऑडिओपुरते ठीक.

फीडबॅक रेझिस्टरला समांतर कपॅसिटर विसरू नका. वरच्या उदाहरणात तो १ पिकोफॅरडच्या जवळ येतो. तो नसला तर आउटपुटला प्रत्येक कडेनंतर लहरी उठतात आणि दुर्दैव असेल तर सर्किट स्वतःच दोलन करायला लागतं.

कवडसा

संधीप्रकाश, इतक्या सविस्तर प्रतिसादाबद्दल मनापासून आभार! १ किलोओहम लावून बघितलं, कड खरंच उभी झाली आणि सिग्नल गोंगाटात बुडाला.

एक शंका. बीपीडब्ल्यू३४ चं क्षेत्रफळ ७.५ चौरस मिलिमीटर. १ चौरस मिलिमीटरचा घेतला तर प्रकाशही साडेसातपट कमी मिळणार ना? मग मिळवलं काय?

भिंगरी

भिंग लावा! एसएफएच२०३ च्या ५ मिलिमीटरच्या पारदर्शक घरट्यालाच भिंगाचा आकार असतो, म्हणून त्याला समोरचं सुमारे ±२० अंशांपर्यंत दिसतं. बीपीडब्ल्यू३४ सपाट, तो ±६५ अंशांपर्यंत बघतो. तुमचा एलईडी एका ठरलेल्या दिशेला आहे, बाकीच्या दिशांनी फक्त नको असलेला उजेड येतो.

बाहेरून आणखी मोठं भिंग लावायचं असेल तर घरट्यात भिंग नसलेला सपाट डायोड बरा, नाहीतर दोन भिंगांचं गणित जुळवत बसावं लागतं. दृष्टिकोन किती उरेल ते चिपची रुंदी भागिले फोकल लेंग्थ इतक्या सरळ हिशेबाने कळतं. १ मिलिमीटरची चिप आणि २० मिलिमीटर फोकल लेंग्थ म्हणजे ०.०५ रेडियन, सुमारे ३ अंश. २ मीटरवर तो पट्टा १० सेंटीमीटर रुंद होतो. प्रकाश गोळा करणारं क्षेत्रफळ आता चिपचं नसून भिंगाचं असतं. मोबदल्यात नेम नीट धरावा लागतो, आणि एलईडी हलता असेल तर हा मार्ग बंद.

तांबटपट्टी

जोडणीबद्दल थोडं, कारण इतक्या लहान कपॅसिटन्सच्या बाबतीत पीसीबी हाही एक घटकच असतो.

ब्रेडबोर्ड नको. शेजारच्या दोन ओळींमध्येच दोनेक पिकोफॅरड असतात, आणि तुम्ही फीडबॅकला १ पिकोफॅरड बसवायला निघाला आहात. डायोडचा पाय ऑप-ॲम्पच्या उलट इनपुटपाशी जितका जवळ नेता येईल तितका न्या. त्या एका नोडखालचा ग्राउंड प्लेन कापून टाका, बाकी सगळीकडे अखंड ठेवा. फीडबॅकचा रेझिस्टर एसएमडी घ्या. त्याचीही दोन टोकांमधली कपॅसिटन्स ०.१ ते ०.२ पिकोफॅरड असते आणि १०० किलोओहमला ०.२ पिकोफॅरड म्हणजे बँडविड्थ ८ मेगाहर्ट्झलाच अडकली.

बायसचा पुरवठा स्वच्छ हवा. कॅथोडला थेट सप्लाय न जोडता मध्ये १ किलोओहम, आणि कॅथोडच्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. पल्सचा प्रवाह याच कपॅसिटरमधून येतो, म्हणून त्याचं ग्राउंडचं टोक ऑप-ॲम्पच्या ग्राउंडजवळच हवं. सप्लायवर स्विचिंग रेग्युलेटरची खरखर असली तर ती डायोडच्या कपॅसिटन्समधून सरळ सिग्नलमध्ये उतरते.

आणि आउटपुट बघताना प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टाका, टोकाची छोटी स्प्रिंग वापरा.

कवडसा

एसएफएच२०३ आणि ओपीए३८० जोडून पीसीबी केला. बायस १२ व्होल्ट, फीडबॅक २२ किलोओहम आणि १ पिकोफॅरड. फरक थक्क करणारा आहे. चढती कड सुरुवातीला अगदी उभी जाते.

पण पूर्ण उंचीच्या साधारण अर्ध्यावर तिला वळण पडतं आणि उरलेलं अंतर ती सावकाश सरकत पार करते. उतरतानाही तसंच: पहिला अर्धा भाग धाडकन खाली, मग लांब शेपूट. मायक्रोसेकंद उलटून गेला तरी रेषा शून्याला टेकत नाही. फीडबॅकचा कपॅसिटर बदलून बघितला, वळणाची जागा हलत नाही. हे कुठून येतंय?

संधीप्रकाश

हे फार चांगलं निरीक्षण आहे, आणि बहुतेक लेखांमध्ये याबद्दल एक ओळही नसते.

९४० नॅनोमीटरचा प्रकाश सिलिकॉनमध्ये खोल जातो. तीव्रता सुमारे ३७ टक्क्यांवर यायला त्याला ५४ मायक्रोमीटर लागतात. ८५० ला १९ मायक्रोमीटर पुरतात. डायोडमध्ये विद्युतक्षेत्र असतं ते फक्त डिप्लीशनच्या, म्हणजे जंक्शनभोवतीच्या मोकळे वाहक नसलेल्या पट्ट्यात. त्या पट्ट्यात जन्मलेले इलेक्ट्रॉन-होल क्षेत्राच्या जोरावर नॅनोसेकंदाच्या आसपास बाहेर पडतात. पट्ट्याच्या खाली जन्मलेल्यांना ओढणारं कुणी नसतं, ते भटकत भटकत पट्ट्याच्या कडेपर्यंत येतात. ५० मायक्रोमीटर असं भटकायला होलला १ मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ लागतो. तुमची शेपूट बहुधा तीच.

पट्टा किती रुंद आहे हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं नसतं, पण कपॅसिटन्सवरून काढता येतं, कारण डायोड हा शेवटी समांतर प्लेट्सचा कपॅसिटरच आहे. बीपीडब्ल्यू३४ बायसशिवाय ७० पिकोफॅरड, क्षेत्रफळ ७.५ चौरस मिलिमीटर, सिलिकॉनची सापेक्ष परमिटिव्हिटी ११.७. उत्तर येतं ११ मायक्रोमीटर. २५ पिकोफॅरडवर ३१ मायक्रोमीटर. आता किती प्रकाश पट्ट्यात शोषला जातो ते बघा. ९४० नॅनोमीटरला: ११ मायक्रोमीटरमध्ये १८ टक्के, ३१ मध्ये ४४ टक्के. ८५० ला तेच आकडे ४४ आणि ८० टक्के होतात. वरचा पातळ थर आणि परावर्तन यात धरलेलं नाही, तरी चित्र स्पष्ट आहे. उलट बायस दोन कामं करतो, कपॅसिटन्स उतरवतो आणि पट्टा खोल नेतो. दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं आहे.

तुमच्या डायोडचं १२ व्होल्टवर तुम्हीच गणित करून बघा. 'अर्ध्यावर वळण' या वर्णनाच्या जवळपासच उत्तर येईल. शेपूट किती लांब दिसते ते मागच्या थराच्या डोपिंगवरही (त्यात मिसळलेल्या अशुद्धीच्या प्रमाणावरही) ठरतं. जिथे तो थर जोरात डोप केलेला असतो तिथे भटके वाहक लवकर मरतात. वेग मिळतो, थोडी संवेदनक्षमता जाते.

दोलनदर्शी

संधीप्रकाश यांच्याशी सहमत, फक्त एक खात्री करून घ्या. एलईडीही संथ असू शकतो. ९४० चे काही एलईडी स्वतःच शेकडो नॅनोसेकंद घेतात. ओळखायचं कसं? बायस ५ वरून २० व्होल्टवर न्या, एसएफएच२०३ साठी तो डेटाशीटमधलाच आकडा आहे. वळण वर सरकलं आणि शेपूट आखूड झाली तर दोष डायोडकडे. काहीच बदललं नाही तर एलईडीकडे.

कवडसा

करून बघितलं. ५ व्होल्टवर वळण खाली येतं, २० वर बरंच वर जातं. शेपूट राहतेच, पण तिची उंची कमी होते. म्हणजे डायोडच. मग ८५० चा एलईडीच घेतो. सोबत दिवसाचा उजेड अडवणारा काळ्या घरट्याचा डायोड घ्यावा म्हणतो. बीपी१०४ कसा?

भिंगरी

थांबा, तो नको! बीपी१०४ चा फिल्टर ८७० ते १०५० नॅनोमीटरसाठी आहे. तुमचा ८५० नेमका उतारावर सापडेल. एसएफएच२०३ एफए बघा, त्याचा पट्टा ७५० पासून सुरू होतो. काळं घरटं दिसलं की इन्फ्रारेड चालतं असं धरू नये, कड कुठे आहे ते प्रत्येक डेटाशीटमध्ये वाचावं.

खिडकीतलं_ऊन

उन्हाबद्दल कुणीच बोललेलं नाही. माझं काम उघड्यावरचं असतं, म्हणून लिहितो.

भर दुपारचं ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट. ७.५ चौरस मिलिमीटरच्या उघड्या डायोडवर साडेसात मिलिवॅट पडतात आणि त्यातून दोनेक मिलिअँपिअर वाहतात. २२ किलोओहमच्या अँप्लिफायरचं आउटपुट सप्लायला जाऊन चिकटणार, पल्स दिसण्याचा प्रश्नच नाही. पुढच्या टप्प्यात कपॅसिटर घालून काही होत नाही, पहिला टप्पाच आंधळा झालेला असतो. म्हणून उजेड आधी काचेतच अडवायचा. काळ्या घरट्याने दृश्य प्रकाश जातो, पण सूर्याचा इन्फ्रारेड येतच राहतो. खरा फरक पडतो तो अरुंद बँडपास फिल्टरने. तो घेताना दोन गोष्टी सांभाळा. तिरक्या किरणांना त्याचा पट्टा लहान तरंगलांबीकडे सरकतो, आणि एलईडी तापला की त्याचं शिखर दर अंश सेल्सिअसला पाव नॅनोमीटरच्या आसपास मोठ्या तरंगलांबीकडे जातं. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला! फारच अरुंद फिल्टर घेतला तर उन्हाळ्यात सिग्नल नाहीसा होतो.

९४० च्या बाजूने एक मुद्दा मात्र आहे. हवेतली वाफ त्या भागात सूर्यप्रकाश शोषते, त्यामुळे जमिनीवर पोचणारं ऊन ८५० च्या मानाने तिथे कमी असतं. बाहेर वापरायचं असेल तर शेपटीचं दुखणं सोसूनही ९४० परवडू शकतं.

संधीप्रकाश

+१. सॅच्युरेशन टळलं तरी उजेडाचा गोंगाट उरतो, तोही मोजता येतो. फीडबॅक रेझिस्टरवर पार्श्वभूमीच्या प्रवाहाने ५० मिलिव्होल्ट पडले की त्या प्रवाहाचा शॉट नॉइज (प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांचा असल्यामुळे होणारा गोंगाट) रेझिस्टरच्या औष्णिक गोंगाटाइतका होतो. २२ किलोओहमला हे साधारण २.३ मायक्रोअँपिअरवरच घडतं. १०० मायक्रोअँपिअर उजेड असेल तर शॉट नॉइज औष्णिक गोंगाटाच्या साडेसहापट. त्यानंतर महागडा ऑप-ॲम्प घेऊन काही सुधारत नाही, फिल्टर आणि दृष्टिकोनच सुधारतात.

डार्क करंटची (अंधारातही डायोडमधून वाहणाऱ्या प्रवाहाची) मात्र या कामात चिंता नको. तो नॅनोअँपिअरमध्ये असतो. दर १० अंशांना दुप्पट झाला तरी उजेडापुढे नगण्य.

जोडणीवाला

अवांतर: हाच डायोड वापरून माणसाच्या शरीराची उष्णता ओळखता येईल का? तीही इन्फ्रारेडच ना?

भिंगरी

नाही येणार. सिलिकॉनची झेप ११०० नॅनोमीटरला संपते. शरीराच्या उत्सर्जनाचं शिखर ९ ते १० मायक्रोमीटरला, म्हणजे जवळजवळ नऊपट लांब. त्यासाठी थर्मोपाइल किंवा पायरोइलेक्ट्रिक सेन्सर. लालभडक तापलेली वस्तू मात्र सिलिकॉनला दिसते, सहा-सातशे अंशांच्या वरचे काही पायरोमीटर सिलिकॉनवरच चालतात.

तांबटपट्टी

कवडसा, ८५० वर जाताय तर एक विनंती. एलईडीऐवजी लेझर डायोड वापरायचा मोह होईल, त्याच्या कडा फार सुंदर येतात. पण ८५० चा लेझर डोळ्याला अगदीच फिका दिसतो, पापणी आपोआप मिटत नाही आणि डोळ्याचं भिंग तो तितक्याच नेमकेपणाने पडद्यावर एकवटतं. किरण डोळ्यांच्या पातळीखाली ठेवा, शेवटी काळा अडथळा लावा, आणि किरण कुठे पडतोय ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा.

कवडसा

नक्की. सध्या एलईडीच. ८५० लावल्यावर वळण जवळजवळ वरच्या टोकाला गेलंय, २०० नॅनोसेकंदांची पल्स आता पल्ससारखी दिसते. फिल्टरचा डायोड बसवून उजेडात चाचणी करतो आणि इथेच कळवतो.

किरणशोध

धागा वाचनखुणांमध्ये ठेवला. माझा प्रश्न थोडा पुढचा. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरच्या १० नॅनोसेकंदांच्या पल्स बघायच्या आहेत. ११०० पर्यंत सिलिकॉन चालतं म्हणता, मग हाच डायोड चालेल ना?

संधीप्रकाश

पल्स आली एवढं कळेल, आकार खरा दिसणार नाही. १०६४ ला शोषणाची खोली जवळजवळ १ मिलिमीटर आहे. ३० मायक्रोमीटरच्या पट्ट्यात ३ टक्के प्रकाश शोषला जाईल, बाकीचा आरपार किंवा शेपटीत. शिवाय ती तरंगलांबी सिलिकॉनच्या उंबरठ्यावर असल्याने तापमान वाढलं की प्रतिसादही वाढतो, म्हणजे सकाळचं आणि दुपारचं मोजमाप जुळणार नाही. या तरंगलांबीसाठी जाड, पूर्ण डिप्लीट होणारे खास सिलिकॉन डायोड मिळतात, पण त्यांना शंभराच्या वर व्होल्ट लागतात. लहान क्षेत्रफळ चालणार असेल तर सरळ इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डायोड घ्या. त्याला १०६४ चा प्रकाश काही मायक्रोमीटरच्या थरातच शोषता येतो, आणि ५ व्होल्टच्या बायसवर तुमच्या १० नॅनोसेकंदांच्या पल्सचा आकार व्यवस्थित दिसेल.